गोष्ट सांगणारी तबकडी

गोष्ट सांगणें हें मूळचें तोंडाचें काम. सांगणारा समोर बसलेला असतो, ऐकणारा मध्येंच "मग काय झालें?" असें विचारतो, आणि सांगणाऱ्याच्या मनांत आलें तर राक्षस आज विहिरींत बुडतो, उद्यां डोंगरावरून कोसळतो. यंत्रानें ही रीत मोडली. तबकडीवरचा राक्षस एकदां ज्या ठिकाणीं मेला त्याच ठिकाणीं तो जन्मभर मरत राहणार. तेथें विचारणाऱ्याची सोय नाहीं. असें असूनहि १९६० ते १९८० च्या दरम्यान कोल्हापुरच्या पेठांतून ज्यांचें लहानपण गेलें, तीं माणसें आज साठी ओलांडल्यावर तबकडीवर ऐकलेल्या गोष्टींची आठवण निघाली कीं एकदम हळवीं कां होतात, हें पाहण्यासारखें आहे. गाण्यांच्या तबकड्यांविषयीं पुष्कळ लिहिलें-बोललें गेलें आहे. आजच्या भाषणाचा विषय गोष्टींच्या तबकड्यांपुरताच आहे.

श्रोतेहो, बोलणाऱ्या यंत्राचा आणि बालकांचा संबंध अगदीं यंत्राच्या जन्मापासूनचा आहे. १८७७ सालीं एडिसन ह्या अमेरिकन संशोधकानें आपल्या नव्या यंत्रापुढें तोंड नेऊन जें कांहीं म्हटलें, तें शास्त्रवचन नव्हतें कीं राजकीय भाषणहि नव्हतें. मेरी नांवाच्या मुलीचें आणि तिच्या कोंकराचें तें एक शिशुगीत होतें. पुढें १८९० मध्यें त्यानें बाहुलीच्या पोटांत लहानसें यंत्र बसवून बोलक्या बाहुल्या विकावयास काढल्या. त्यांचा आवाज इतका कर्कश आणि यंत्र इतकें नाजूक कीं थोड्याच आठवड्यांत विक्री बंद करावी लागली. सपाट तबकडी काढणारा एमिल बर्लिनर. त्याच्या तबकड्याहि जर्मनींतील एका खेळण्यांच्या कारखान्यानें, हातानें फिरवावयाच्या चिमुकल्या यंत्राबरोबर, बाजारांत आणल्या. जिनें पुढें मोठमोठे गवई घरोघर पोंचविले ती तबकडी स्वतः आली ती खेळणें म्हणून!

आपल्याकडे ध्वनिमुद्रण सुरू झालें तें १९०२ च्या नोव्हेंबरांत, कलकत्त्यास. गैसबर्ग नांवाच्या तंत्रज्ञानें गौहरजान प्रभृति गायिकांचे आवाज उतरून घेतले आणि ते जर्मनींत हॅनोव्हर येथें पाठवून तेथून तबकड्या तयार होऊन आल्या. १९०८ मध्यें कलकत्त्यासच कारखाना निघाला. गंमत अशी कीं, ह्या जुन्या तबकड्या ज्या द्रव्याच्या होत त्यांतील एक महत्त्वाचा घटक म्हणजे लाख. आणि ती पळस, बोर, कुसुंब ह्या झाडांवरील किड्यांपासून बहुतांशीं आपल्याच देशांत निघे. दहा इंची तबकडी मिनिटाला ७८ फेरे घेई आणि तीन-सव्वातीन मिनिटांत संपे. एवढ्या वेळांत नाटकांतलें पद बसतें, अभंग बसतो, पोवाड्याचा एखादा चौक बसतो. गोष्ट मात्र उंबऱ्यापर्यंतच येते. लांब कथानक असेल तर दर तीन मिनिटांनीं तबकडी उलटी करा, सुई बदला, चावी भरा. रावण सीतेला घेऊन निघाला कीं नेमकी चावी संपावयाची, आणि रावणाचा आवाज खोल खोल जात रेड्यासारखा व्हावयाचा. पोरें हंसून बेजार, वडील माणसें संतप्त.

तरीहि तीन मिनिटांत आख्खी गोष्ट सांगणारे कवि आपल्याकडे होते. डेन्मार्कच्या अँडरसननें १८४३ सालीं लिहिलेली कुरूप बदकाची कथा ग. दि. माडगूळकरांनीं मराठींत एका लहानशा गीतांत बसविली आणि ती आशा भोसले ह्यांच्या आवाजांत घरोघरीं गेली. त्यांत तळें आहे, भावंडांनीं केलेली हेटाळणी आहे, एकटेपण आहे, आणि शेवटीं पाण्यांत स्वतःचें रूप पाहून चकित झालेला राजहंसहि आहे. एकहि वर्णन जास्त नाहीं. निबंध आटोपशीर कसा लिहावा हें वर्गांत तासभर सांगण्याऐवजीं ही एक तबकडी लावली तरी भागेल. गीत संपतांच मुलें आजीकडे वळत. "पण त्याची खरी आई कोठें होती?" ह्या प्रश्नाचें उत्तर तबकडींत नव्हतें, तें आजीला रचावें लागे, आणि तें रोज वेगळें असे.

येथें मुद्द्याचें एक स्थळ येतें. तबकडी आली म्हणून घरांतली सांगणारी माणसें गप्प बसलीं, असें सर्रास म्हटलें जातें. निदान त्या काळापुरतें तरी तें खरें नाहीं. तबकडी प्रश्नांना उत्तरें देत नसे, म्हणून तें काम घरांतल्या माणसांकडे आलें. तबकडीची गोष्ट एक आणि तिच्याभोंवतीं घरानें विणलेली गोष्ट दुसरी. मुलांच्या ध्यानांत राहिल्या त्या दोन्ही मिळून.

लांब गोष्टीची अडचण दूर केली ती व्हिनाइलच्या तबकडीनें. ती १९४८ सालीं अमेरिकेंत निघाली आणि पुढें आपल्याकडे आली. मिनिटाला सुमारें तेहेतीस फेरे आणि एका बाजूस वीस-बावीस मिनिटें. लोक तिला 'एल. पी.' म्हणत. लाखेची तबकडी हातांतून पडली कीं तिचे कपाळमोक्ष होऊन तुकडे होत. ही वांके पण फुटत नसे. तिच्या एका बाजूवर ज्या शेंकडों रेघा दिसतात त्या वास्तविक शेंकडों नसून कडेपासून आंत आंत जाणारी ती एकच सलग वाट असते. ती उलगडून सरळ केली तर सुमारें अर्धा किलोमीटर भरेल, म्हणजे पायीं सहा-सात मिनिटांचा रस्ता! वर्तुळाचा परीघ शिकवितांना हें उदाहरण दिलें तर मुलें तो धडा सहसा विसरणार नाहींत.

कोल्हापूर हें पूर्वींपासून ऐकणाऱ्यांचें गांव. अंबाबाईच्या देवळांतलें कीर्तन, तालमींच्या चौकांतला पोवाडा, उत्सवांतलें नाटक आणि तमाशा ह्यांनीं येथल्या कानांना कथेची संवय लावून ठेवली होती. शाहू महाराजांच्या आश्रयानें गाणें आणि नाटक ह्यांना जो मान मिळाला तो सर्वश्रुतच आहे. परंतु घरांत तबकडी वाजविण्याचें यंत्र असणें ही गोष्ट मात्र १९७० च्या सुमारासहि थोड्यांनाच परवडे. शिवाजी पेठेंत काय किंवा मंगळवार पेठेंत काय, वाड्यांत एखाद्या बिऱ्हाडीं यंत्र असावयाचें आणि बाकीच्या बिऱ्हाडांतलीं मुलें संध्याकाळीं परवचा आटोपून त्या दाराशीं घोटाळावयाचीं. आंत घेतलें जाण्याच्या अटी ठरलेल्या असत. पाय धुतलेले पाहिजेत, जाजमावर मांडी घालून बसलें पाहिजे, आणि तबकडीला हात लावावयाचा नाहीं. तबकडी वेष्टणांतून काढण्याचा मान घरच्या कर्त्याचा. दोन्ही तळहातांच्या मध्यें कडेनें धरून, उजेडाकडे तिरपी करून, मऊ फडक्यानें ती पुसावयाची. मग सुई टेंकावयाची. गोष्ट सुरू होण्यापूर्वींची ती क्षणभराची खरखर! पुष्कळांना आज गोष्टींतलीं वाक्यें आठवत नाहींत, ती खरखर आठवते. पडदा वर जाण्यापूर्वीं नाटकगृहांत जी शांतता पसरते तिचेंच काम ही खरखर करीत असे.

तबकडीवर चरा पडला कीं सुई एकाच वळणांत अडके आणि राजपुत्र तेंच अर्धें वाक्य पुन्हां पुन्हां म्हणूं लागे. त्या काळानें मराठीला 'पिन अडकणें' हा वाक्प्रचार दिला. ज्यांनीं जन्मांत तबकडी पाहिली नाहीं अशीं मुलेंहि आज तो सहज वापरतात.

ह्या सर्व कथातबकड्यांत मुकुटमणि कोणता, असा प्रश्न केला तर कोल्हापुरकर बहुधा गीतरामायणाचें नांव घेतील. आणि त्यांत गांवाचा अभिमानहि असेल. सुधीर फडके ह्यांचा जन्म २५ जुलै १९१९ चा, कोल्हापुरांतला. माडगूळकरहि त्याच वर्षीं जन्मले, आणि त्यांचीं उमेदीच्या काळांतलीं कांहीं वर्षें कोल्हापुरच्या चित्रपटसृष्टींत गेलीं. पुणें आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, गीतरामायण सुरू झालें आणि वर्षाहून अधिक काळ चाललें. गीतें छप्पन्न. त्या वेळीं निरनिराळ्या पात्रांचीं गीतें निरनिराळ्या गायक-गायिकांनीं म्हटलीं होतीं. पुढें तबकड्यांचा संच निघाला, तेव्हां सगळीं गीतें एकट्या फडक्यांच्या आवाजांत आलीं.

ह्या फरकाकडे फारसें लक्ष दिलें जात नाहीं, पण तो महत्त्वाचा आहे. रेडिओवर तें नाटकासारखें झालें होतें. तबकडीवर तें कीर्तनासारखें झालें. दशरथाचा शोक, कैकेयीचा हट्ट, शूर्पणखेचा संताप, भरताची विनवणी, सारें एकाच कंठांतून. मुलें सांगणाऱ्याला पाहूं शकत नव्हतीं, परंतु सांगणारा एकच आहे हें त्यांना कळे. आणि एकच माणूस क्षणांत राजा आणि क्षणांत नावाडी होतो, ही कथा सांगण्यांतली जुनी किमया त्यांना तेथें अनुभवास येई. सोसायटीच्या सभागृहांत भरणाऱ्या आजच्या कथाकथन-शिबिरांतून हेंच शिकविण्याची खटपट चालते.

मुलांना गीतरामायण आवडण्याचें आणखी एक कारण होतें. त्याचा आरंभच मुलांपासून होतो. कुश आणि लव हे दोघे बटु भर दरबारांत गात आहेत, आणि प्रत्यक्ष राजा त्यांची कथा ऐकत बसला आहे. घरांत नेहमीं वडिलांनीं सांगावें आणि पोरांनीं ऐकावें. येथें पोरें सांगतात आणि बाप ऐकतो! शिवाय ज्याला सांगावयाचें त्याचीच ती गोष्ट, आणि तो आपला बाप आहे हें सांगणाऱ्यांना ठाऊक नाहीं. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला करुणरस म्हणजे काय हें समजावून सांगतां येत नाहीं. पण "त्यांना अजून माहीत नाहीं कां?" असें तें मूल जेव्हां हळूच विचारी, तेव्हां त्याला तो समजलेला असे. छप्पन्नावें गीत पुन्हां त्याच जागीं येतें. वाल्मीकि आपल्या बाल शिष्यांना कथा गावयास पाठवितात, म्हणजे जेथें शेवट तेथेंच आरंभ. शेवटची तबकडी संपली कीं पहिली पुन्हां लावा असा आग्रह मुलें धरीत, त्यांत नुसता हट्ट नव्हता. कथेचाच तो संकेत होता.

हंसविणाऱ्या तबकड्यांत पु. ल. देशपांडे ह्यांच्या 'बटाट्याची चाळ' आणि 'वाऱ्यावरची वरात' ह्यांचें स्थान पहिलें. खरें पाहतां त्या मुलांसाठीं नव्हत्याच. चाळीचें वर्णन कोल्हापुरच्या वाड्यांत वाढलेल्या मुलाला परकेंच. मुंबई त्यानें पाहिलेली नसे. पण थोर मंडळी हंसत, म्हणून मुलेंहि हंसत. विनोद न कळतां हंसावयाच्या जागा तेवढ्या पाठ होत. मग एके दिवशीं, मॅट्रिकच्या वर्षीं म्हणा किंवा पहिल्या नोकरींत म्हणा, त्यांतलें एखादें वाक्य आपोआप आठवे आणि त्याचा अर्थ एकदम उलगडे. तेव्हां हंसणारा एकटाच असे. पाठांतराला नांवें ठेवण्याची हल्लीं रूढि पडली आहे. परंतु अर्थ मागाहून कळण्यांत जो आनंद आहे तो आधीं पाठ केल्याशिवाय मिळत नाहीं.

आणि अगदींच निराळ्या जातीचें एक उदाहरण सोडून चालणार नाहीं. १९७५ च्या ऑगस्टांत 'शोले' हा हिंदी चित्रपट लागला आणि लौकरच त्यांतल्या संवादांची तबकडी निघाली. गणेशोत्सवाच्या मंडपांतून, लग्नाच्या मांडवांतून, उपाहारगृहांतून ती वाजूं लागली. चित्रपट पाहण्याची परवानगी नसलेल्या मुलांनाहि दरोडेखोराचें भाषण घडाघडा येऊं लागलें. पुष्कळ शिक्षकांनीं त्या वेळीं कपाळाला हात लावला. तथापि न्यायानें बोलावयाचें तर कबूल केलें पाहिजे कीं, नुसत्या आवाजावरून माणूस उभा करण्याची ती शिकवणीच होती. पडद्यावरचा गब्बरसिंग ज्यांनीं पुढें पाहिला, त्यांतल्या कित्येकांना तो मनांतल्या गब्बरसिंगापेक्षां लहान वाटला.

तबकडींत न मावणारी कथा त्याच सुमारास कोल्हापुरच्या परिसरांत जोरांत होती, हेंहि सांगितलें पाहिजे. पट्टणकोडोलीचे शंकर पाटील, त्यांच्या जोडीला व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार असे तिघे जण गांवोगांव कथाकथन करीत हिंडत. शंकर पाटलांच्या तोंडून निघणारी करवीरकडची बोली, तिच्यांतले हेल, मध्येंच थांबून श्रोत्यांकडे पाहणें, हें ज्यांनीं ऐकलें ते सांगतात कीं एकच गोष्ट दोन गांवीं सारखी कधीं झाली नाहीं. ज्या मुलांच्या घरीं तबकडी होती आणि ज्यांना असें कथाकथनहि ऐकावयास मिळालें, त्यांना गोष्टीचीं दोन्ही अंगें लाभलीं. एक कधीं न बदलणारें, एक सदैव बदलणारें. अशीं भाग्यवान मुलें थोडीं.

१९८० च्या आसपास कॅसेटी आल्या. त्या स्वस्त होत्या, लहान होत्या, आणि मुलांना स्वतः लावतां येत. यंत्र स्वतंत्रपणें हातीं आलें आणि जाजमावरची बैठक मोडली. १९९० नंतर आपल्याकडे तबकड्या निघणें जवळजवळ थांबलें. त्यानंतर त्यांचें जें झालें तें सांगतांना वाईट वाटतें. वाडे पडले, सदनिका झाल्या, माळे नाहींसे झाले. तबकड्या रद्दीवाल्याच्या हातगाडीवर गेल्या. कोठें गरम पाण्यांत वांकवून त्यांच्या फुलदाण्या केल्या, कोठें मध्यें कांटे बसवून भिंतीवरचीं घड्याळें केलीं. घड्याळ वेळ दाखवितें खरें. पण त्यांतली वीस मिनिटें गेलीं तीं गेलीं.

न राखलेल्या आवाजाची किंमत कोल्हापुरला नव्यानें सांगावी लागूं नये. ज्यांनीं ह्या गांवांत वर्षानुवर्षें गायन केलें आणि एक घराणें उभें केलें त्या अल्लादियाखांसाहेबांचा आवाज तबकडीवर नाहीं. शिष्यांवरून गुरूची कल्पना करावी लागते. १९१५ सालीं उभें राहिलेलें आणि केशवराव भोसल्यांचें नांव धारण करणारें नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आगीच्या भक्ष्यस्थानीं पडलें. इमारत नकाशावरून पुन्हां बांधतां येते. आवाजाला नकाशा नसतो. आणि ज्या आज्यांनीं राजहंसाची खरी आई शोधून काढली त्यांच्या उत्तरांचें तर ध्वनिमुद्रण कोणींच केलें नाहीं. आतां जें हातांत आहे तें एवढेंच: अडगळींतल्या तबकड्या, आणि त्या ऐकतांना शेजारीं कोण काय बोललें हें सांगूं शकणारीं साठी-सत्तरीचीं माणसें. त्यांत दुसरा ठेवा अधिक घाईचा आहे.

ज्यांच्या घरीं अशा तबकड्या शिल्लक असतील त्यांच्यासाठीं कांहीं सूचना. व्हिनाइलची तबकडी उष्णतेनें वांकते, म्हणून ती पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवूं नये. एकावर एक थर न रचतां पुस्तकांसारख्या उभ्या ठेवाव्या. कोल्हापुरच्या पावसाळ्यांत वेष्टणाला बुरशी येते, तेव्हां आश्विनांत एकदां सर्व बाहेर काढून सावलींत वारा द्यावा. ऊन देऊं नये. पुसावयास स्वच्छ पाणी आणि मऊ कापड पुरें, मधला कागद भिजूं देऊं नये. जुन्या लाखेच्या तबकडीला स्पिरिट कदापि लावूं नये, कारण लाख त्यांत विरघळते. झिजलेल्या सुईनें वाजवून पाहण्याचा मोह टाळावा. एकाच वेळच्या हौसेनें ती वाट कायमची खराब होते. चांगल्या यंत्रावर एकदां वाजवून तिची प्रत संगणकांत उतरून घ्यावी. हें काम जाणणारे संग्राहक आहेत; मुंबईंत १९९० सालीं त्यांची 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्थाहि स्थापन झाली.

प्रत घेतेवेळीं घरांतल्या वडील माणसांना शेजारीं बसवावें आणि दुसऱ्या एका यंत्रानें त्यांचें बोलणें टिपून घ्यावें. पहिली खरखर ऐकतांच तीं बोलूं लागतील. वेष्टण फाटलें असलें तरी टाकूं नये. त्याच्या मागल्या बाजूस पुष्कळदां शाईनें विकत घेतल्याची तारीख असते, वाड्यांतल्या कोणत्या बिऱ्हाडानें ती केव्हां नेली आणि केव्हां परत केली ह्याची नोंद असते, आणि कोपऱ्यांत, हात लावावयाची मनाई मोडून, एखाद्या मुलानें पेन्सिलीनें काढलेला, कर्ण्यापुढें बसलेला कुत्राहि असतो.